छंदघर : टाकीत मासे किती?

दोस्तांनो, सहामाही परीक्षा संपली की माशांची पत्रं यायला लागतात. साहजिकच आहे. दिवाळीची ओवाळणी हातात पडणार असते, आणि आई-बाबांनी कंटाळून 'बरं, आण एकदाची ती टाकी' असं म्हटलेलं असतं. यंदा आठवीतल्या एका मित्राने तर अख्खी यादीच पाठवली आहे. टाकी दोन फुटी. मासे असे : गोल्डफिश चार, एंजल दोन, गप्पी सहा, टायगर शार्क दोन, काच साफ करायला सकर एक, आणि 'जागा उरली तर' ऑस्कर एक. एकूण सोळा. खाली लिहिलंय, "दुकानदारकाका म्हणतात, पंचवीससुद्धा बसतील. बसतील का?"

बसतील की! बसायला काय, गणपतीला कोकणात निघालेल्या एस. टी.तही ऐंशी-नव्वद माणसं बसतात. पण ती एका रात्रीपुरती. सकाळ झाली की सगळी आपापल्या गावाला उतरतात. टाकीतल्या माशांना उतरायला गावच नसतं. तिथेच खायचं, तिथेच झोपायचं, तिथेच शी-शू करायची आणि तेच पाणी पुन्हा कल्ल्यांतून आत घ्यायचं. म्हणून टाकीत किती मासे मावतात हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. किती माशांची घाण ती टाकी पचवू शकते, ते विचारायला हवं.

हा प्रश्न तसा जुना आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनच्या आसपास पाणी मावेल असं काचेचं भांडं त्याने घेतलं होतं. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे झाले ५४ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे. त्यात त्याने व्हॅलिस्नेरिया नावाची, गवताच्या पात्यांसारखी पानं असलेली पाणवनस्पती लावली आणि मासे सोडले. किती? फक्त दोन! तेही लहानसे गोल्डफिश. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झालं. पंप नाही, फिल्टर नाही. सगळा कारभार दोन मासे, थोडी झाडं आणि गोगलगायी यांच्यावर चालला होता.

आता तुमची टाकी घ्या आणि कागद-पेन्सिलही घ्या. दोन फुटी टाकी म्हणजे साधारण ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच. तिन्हींचा गुणाकार करा : ५४,००० घनसेंमी. हजार घनसेंमीचा एक लिटर, म्हणजे ५४ लिटर. पाहा, वॉरिंग्टनच्या भांड्याएवढंच निघालं! पण थांबा. टाकी आपण काठोकाठ भरत नाही, वर पाचएक सेंमी मोकळे सोडतो. तिथेच ९ लिटर गेले. तळाला खडी असते, ती चार-पाच लिटरची जागा खाते. शिवाय दगड, फिल्टर, काचेची जाडी. खरं पाणी उरतं ४० लिटरच्या आसपास. दुकानात '५४ लिटरची टाकी' म्हणून विकतात, तेव्हा हे वजाबाकीचं गणित कुणी सांगत नाही.

मासे मोजायचे दोन नियम पुस्तकांत सापडतात. पहिला, एका लिटरला एक सेंटीमीटर मासा. त्या हिशेबाने आपल्या टाकीत ४० सेंमी मासे. दुसरा नियम अमेरिकन पुस्तकांतला, एका गॅलनला एक इंच. अमेरिकन गॅलन ३.८ लिटरचा असतो. भागाकार करा, उत्तर येतं साडेदहा इंच, म्हणजे २७ सेंमी. झाली ना पंचाईत! एकच टाकी, आणि एक नियम म्हणतो ४०, दुसरा म्हणतो २७. यावरूनच ओळखा की हे नियम म्हणजे आजीच्या 'चिमूटभर मीठ'सारखे आहेत. अंदाजाला ठीक. मासा मोजायचा तो शेपटीचा पर सोडून, आणि त्याची पूर्ण वाढ झाल्यावर होणारी लांबी धरायची. दुकानातल्या पिशवीत तो केवढा दिसतो, ती नाही!

या नियमांत एक मोठी फट आहे. दहा झेब्रा मासे घ्या, प्रत्येकी ४ सेंमीचे. झाले ४० सेंमी. आता ४० सेंमी लांबीचा एकच मासा घ्या. तोही ४० सेंमी. नियमाला दोन्ही सारखेच! पण लांबी दुप्पट झाली की मासा रुंदीलाही दुप्पट होतो आणि उंचीलाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे वजन आठपट. लांबी दहापट झाली तर दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट. साधारण तशाच बांध्याचा तो एक मासा हजार झेब्र्यांच्या वजनाचा भरेल. त्याची शीसुद्धा त्याच मापाची! आणि मुळात तो टाकीत वळणार कसा? टाकीच ३० सेंमी रुंद आहे. म्हणून सेंटीमीटरचा हिशेब पाच-सहा सेंमीपर्यंतच्या चिमुकल्या माशांपुरता वापरायचा. त्याहून मोठ्या माशांना तो लागू नाही.

एवढं समजलं की आपल्या मित्राची यादी तपासता येते. पेन्सिल लाल असेल तर उत्तम.

ऑस्कर : दुकानात बोटाएवढा असतो, नीट वाढला तर ३० सेंमीचा होतो, आणि वाढता वाढता तोंडात मावेल तो मासा गिळतो. जागा उरली तर म्हणे! तोच जागा करून घेईल. काट.

टायगर शार्क : नाव ऐकून छाती फुगते, पण हा शार्कच नव्हे. तो मार्जारमाशांपैकी, म्हणजे मिश्या असलेल्या माशांपैकी. मोठा झाला की मीटरभर लांब होऊ शकतो. आपल्याकडे तो शेतीसारखा पाळतात आणि बाजारात 'बासा' म्हणून विकतात. म्हणजे हॉटेलात ताटलीत येतो त्याच माशाचं पिल्लू तुम्ही हौसेने दोन फुटी टाकीत ठेवणार! तो फार घाबरट असतो, दचकून काचेवर धडका देतो. काट.

सकर : हा काचेवरचं शेवाळ खातो हे खरं. पण तोही ३० सेंमीच्या पुढे जातो. शेवाळाने पोट भरेनासं झालं की खाणं घालावं लागतं, आणि सफाई करायला आणलेला हा गडीच सगळ्यात जास्त घाण करतो. काट.

एंजल : देखणा मासा. पण पंखांसकट उंची १५-२० सेंमी होते. ३० सेंमी उंच टाकीत, खाली खडी आणि वर मोकळी जागा सोडल्यावर, त्याला काय मिळणार? शिवाय मोठा झाला की गप्पीची पिल्लं मटकावतो. काट.

राहिला गोल्डफिश. इथे मात्र बऱ्याच जणांचा हिरमोड होणार आहे, कारण 'मासा पाळायचा' म्हटलं की डोळ्यांसमोर तोच येतो. लांबट गोल्डफिश २५ सेंमी सहज होतो, फुगीर पोटाचे प्रकार १५ ते २०. खाऊन खाऊन घाण भरपूर. "पण मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो" असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मापात राहतो खरा, कारण घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो. याला टाकीचं माप ओळखणं म्हणत नाहीत. नीट ठेवलेला गोल्डफिश किती जगतो, माहीत आहे? इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला. त्रेचाळीस वर्षं! तुमच्या बाबांच्या वयाचा मासा! चार गोल्डफिश हवे असतील तर चार फुटी टाकीची तयारी ठेवा. दोन फुटीत काट.

म्हणजे सोळांतले उरले सहा गप्पी. रागावू नका. गप्पींचीही एक भानगड आहे, ती शेवटी सांगतो.

आता घाण पचते कशी ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. मासा कल्ल्यांतूनही सतत अमोनिया सोडत असतो. सार्वजनिक मुतारीजवळून जाताना नाकाला झोंबतो ना, तोच. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हा माशांना विष. पण पाण्यात एका जातीचे जिवाणू असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि झाडांना तर खत! हे दोन्ही कामगार पाण्यात तरंगण्यापेक्षा फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात.

नव्या टाकीत हे कामगार जवळजवळ नसतातच. म्हणून पहिल्या दिवशी सोळा मासे सोडले की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं आणि तरीही आठवड्या-दोन आठवड्यांत एकेक मासा उलटा व्हायला लागतो. अमोनियाला रंगच नाही, दिसणार कसा? घरात रडारड होते आणि सगळे म्हणतात, "मासेच आजारी होते."

उपाय सोपा आहे. नुसतं दूध पातेल्यात ओतून दही लागत नाही, विरजण लागतं. ज्याची टाकी सहा महिने-वर्षभर नीट चालू आहे आणि मासे ठणठणीत आहेत, अशा मित्राकडून त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा मागून घ्या. त्याच टाकीच्या पाण्यात भिजता ठेवून घरी आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. हे आपलं विरजण! असा मित्र नसेल तर टाकीत पाणी भरा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका आणि मासे न सोडता चार ते सहा आठवडे वाट पाहा. वाट पाहणं अवघड असतं, ठाऊक आहे. दुकानात पाणी तपासायचे थेंब मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की कामगार हजर झाले असं समजा. एक सांगून ठेवतो : स्पंज कधीही नळाखाली खसाखसा धुवायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकासा पिळायचा, बस्स.

हे कामगार जेवढं अन्न मिळेल तेवढेच वाढतात. सहा माशांची घाण असेल तर सहांपुरते. तिथे एका दिवसात आणखी दहा मासे आणलेत तर त्यांची संख्या वाढेपर्यंत अमोनिया चढतो. म्हणून मासे हप्त्याहप्त्याने आणायचे.

मग आणायचे कोणते? मी तर आपल्या देशातल्या झेब्रा माशाला मत देईन. चार-पाच सेंमीचा, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या, दिवसभर पळापळ. भारत, नेपाळ, बांगलादेश इथल्या ओढ्यांतला हा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. पण इथे हिशेबाचं दुसरं टोक येतं. झेब्रा एकटा किंवा जोडीने ठेवायचा नाही. तो घोळक्यातला मासा. एकटा पडला की घाबरून कोपऱ्यात बसतो नाहीतर दुसऱ्यांना छळतो. निदान सहा हवेत. कमी मासे म्हणजे माशांवर दयाच, असं दर वेळी नसतं. सहा झेब्र्यांचे झाले २४ सेंमी. कडक नियमातही बसले! त्यांच्यावर दोन महिने काढा. सगळं ठीक असेल तर तीन नर प्लॅटी आणा, चार-चार सेंमीचे. एकूण ३६. दुसऱ्या नियमातही बसले. आणि मग थांबा. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत रंगीत पिशव्या लटकलेल्या दिसल्या तरी थांबा!

आता पाण्याचं. नायट्रेट सौम्य असलं तरी साठत जातं, ते बाहेर काढायला आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलावं लागतं. आपल्या टाकीला १० लिटर, म्हणजे एक बादली. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवायचं, क्लोरीन उडून जातं, मग घालायचं. 'पाणी आटलं की वरून भरतो' असं काही जण लिहितात. तेवढ्याने भागत नाही. आमटी आटली की खारट होते ना? पाण्याची वाफ होते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला. तुळस खूश होईल.

मला विचाराल तर माशांचा हिशेब बादल्यांत करावा. मासे दुप्पट केले की बादल्या दुप्पट. दिवाळीत हौसेने दोन बादल्या वाहाल. पण मे महिन्यात? आपल्याकडे कितीतरी गावांत तेव्हा चार दिवसांआड, आठ दिवसांआड पाणी येतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ज्या घरात आई हंडे मोजते, तिथे माशांसाठी आठवड्याला किती बादल्या मागता येतील, ते आधी आईलाच विचारा. ती म्हणाली 'एक', तर तुमच्या टाकीचं उत्तर मिळालं. ती म्हणाली 'एकही नाही', तर टाकी पुढच्या वर्षी.

उन्हाळ्याचा आणखी एक घोळ आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला एका लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. आणि नेमका तेव्हाच माशांचा श्वास जोरात चालतो. त्यात लाइट गेली की पंप बंद, पाणी ढवळणं बंद. रात्री झाडंसुद्धा प्राणवायूच घेतात. सहा माशांच्या टाकीत तीन-चार तास बहुधा निभावतात. पंचवीस माशांच्या टाकीत पहाटे सगळे वर तोंडं काढून आ वासताना दिसतील. तसं दिसलं तर टाकीतलंच पाणी मगाने काढून वीतभर उंचीवरून पुन्हा ओतत राहा. सेलवर चालणारा छोटा पंपही मिळतो, भारनियमनाच्या गावात तो आधी घ्या आणि मासे नंतर. प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो, म्हणून उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी. आणि तो गोल वाडगा? वर निमुळता, पृष्ठभाग इवलासा. इटलीत रोम शहराने तर २००५ साली माशांसाठी गोल वाडगे वापरायलाच बंदी घातली. मला ते फार आवडलं.

हां, गप्पींची भानगड राहिली. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. महिन्याला एक वेत, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. एकदा नराशी गाठ पडली की पुढे नर नसतानाही काही वेतं होऊ शकतात. म्हणजे तुमचे सहा, संक्रांतीपर्यंत साठ! म्हणून गप्पी, प्लॅटी, मोली आणताना फक्त नर आणा. नर ओळखायची खूण : पोटाखालचा मागचा पर मादीचा पंख्यासारखा, नराचा काडीसारखा बारीक. दुकानात हे बघायला पाच मिनिटं लागतात, दुकानदारकाका जरा वैतागतील, वैतागू दे.

पिल्लं झालीच तर ती नदीत, ओढ्यात, तळ्यात सोडायची नाहीत. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला डबक्यांत गप्पी सोडतं, ते त्यांचं ठरवून केलेलं काम. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. सकरही तिथलाच. कुणीतरी 'मोठा झाला, आता काय करू' म्हणून सोडून दिलेले सकर आज भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत, आणि मच्छीमारांच्या जाळ्यात खायच्या माशांऐवजी हेच काटेरी पाहुणे येतात. जास्तीची पिल्लं मित्राला द्या, नाहीतर दुकानात परत द्या.

पुढच्या आठवड्यात टाकीतली झाडं : कोणती लावायची आणि प्लॅस्टिकची का नकोत. तोवर ज्यांना आपल्या टाकीचा हिशेब करून हवा आहे त्यांनी टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि घरी मे महिन्यात पाणी किती दिवसांआड येतं, एवढं लिहून पाठवा. पोस्टकार्ड चालेल.